वारणार

चौदाव्या दिवशी पाटणची मंडळी
टेम्पो ट्रॅव्हलरमधून परत गेली.
दारात चपलांचा ढीग होता
तिथं दोनच जोड उरले,
एक हिंदुरावांचा,
आणि एक, जो कुणी उचलायचा
हे कुणालाच सुचलं नाही:
निळ्या पट्ट्यांचा, अंगठ्याशी मोच्याकडून शिवलेला,
शालनवहिनींचा.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत भिंत सामाईक.
पलीकडचा कुकर ऐकू येतो, खोकला, सातच्या बातम्या.
त्या रात्री एक ताट घासलेलं ऐकू आलं.
एकच. बराच वेळ.

सकाळी चहा घेऊन गेले.
चार पावलांच्या वाटेत
काय बोलायचं ते जुळवत होते,
आणि उंबऱ्यात तोंडातून निघालं,
"सुटल्या बिचाऱ्या."

त्यांनी कप घेतला.
"तिला कुठं सुटायचं होतं," म्हणाले,
"लेकीच्या साडीला फॉल लावायचा राहिला होता.
एका बाजूचा झाला. हा बघ."
सुई अजून त्यातच होती.

घरी येऊन मी भिंतीकडे पाठ करून बसले.
मला तरी कळायला हवं होतं.

सुजित गेला तेव्हा,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याच्या अलीकडे,
सव्वीस वर्षांचा, हेल्मेट घातलेलं,
माझ्याकडे माणसं वाक्यं घेऊन यायची.
देवाला चांगली माणसं लवकर लागतात.
तू मोठी आहेस, तू धीर धर.
वेळ जाऊ दे.
मला एकेकाला चावावंसं वाटायचं.
मी माना डोलवायचे, पाणी द्यायचे.

आणि हिंदुराव यायचे,
मार्केटमधून दमून, खांद्यावर टॉवेल,
पिशवीत किलोभर लसूण.
पायरीवर बसायचे आणि सोलायचे.
हुकानं सोललेली, गाठाळलेली ती बोटं
एवढ्याशा पाकळीशी इतकी हळू वागायची.
दोन संध्याकाळी एक शब्द नाही.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
"तुझा भाऊ डावरा होता का गं?
बॅट तशी धरायचा."

मी नऊ वाजेपर्यंत बोलत होते.
अपघाताबद्दल नाही.
डाव्या हातानं भाकरी मोडायचा म्हणून
आजी कशी रागवायची,
त्याबद्दल.

तेव्हाच एकदा त्यांनी सांगितलं होतं:
"कांद्याची गोणी, पन्नास किलो,
एकट्याला पाठीवर घेता येत नाही.
टोळीत एकजण असतो, वारणार.
तो फक्त हात लावून चढवतो.
चालायचं ज्याचं त्यानंच.
पण मधेच कुणी म्हणालं, दे इकडं, मी घेतो,
आणि ओढलं,
तर माणूस तोंडावर पडतो."

सेक्टर पंधराच्या भाजीवाल्याकडे
लसूण महाग होता.
मी किलोभर घेतला.

ते पायरीवरच होते.
मी खाली बसले, ताट मधे ठेवलं.
गड्डा फोडला. साली उडाल्या,
एक निळ्या पट्टीवर जाऊन बसली.
त्यांनी बघितलं. मीही.
कुणी झटकली नाही.

बऱ्याच वेळानं विचारलं,
"शालनवहिनी कसा सोलायच्या?
पाण्यात भिजवून, की कोरडाच?"

घरात आलेल्या दीडशे माणसांत
तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं बहुतेक.
जाणारी, ती, बाई, माउली,
असंच चाललं होतं.

"भांडून," ते म्हणाले.
"सोलायची कमी, मला शिव्या जास्त.
म्हणायची, आयुष्यभर गोण्या वाहिलास
आणि घरात आणलास तर हा किडका."

हसले.
मग ते हसू कुठंतरी मधेच मोडलं
आणि खांदे हलायला लागले,
ज्यांवरून अख्खं मार्केट गेलं असेल
ते खांदे.

मी "रडू नका" म्हणाले नाही.
रुमालही दिला नाही, टॉवेल होताच.
पुढची पाकळी घेतली.

दिवे लागले. समोरच्या घरातून कुणीतरी
ताटभर पोहे आणून ठेवले, बोललं नाही, गेलं.
हिंदुरावांनी नाक पुसलं, ताटात पाहिलं.
"अर्धाच झालाय," म्हणाले.

"उद्या येते," मी म्हटलं.