रजिस्टर वाळत घातलं तेव्हा

चिंचबेट हे बेट असतं वर्षातले दहा-बारा दिवस.
एरवी ऊस, उसाच्या मधनं गाडीवाट,
आणि वाट संपते तिथं पिवळ्या चुन्याचं देऊळ.
आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात.

आत भिंतीवर कोळशाच्या रेघा.
सगळ्यात खालची कुणी ओढली, ठाऊक नाही.
सगळ्यात वरची लाझरस मधाळेनं, एकोणीस साली,
संत अंतोनच्या गुडघ्याच्या उंचीला.

त्या साली अंतोनबाबाला काहिलीतनं नेला.
गुऱ्हाळाची काहील, तळाला अजून काकवीचा वास.
मागं फादर ज्वाकीम, मांडीवर रजिस्टर,
रजिस्टरवर खताचं पोतं.
दस्तगीर नदाफ बांबूनं रेटत म्हणाला,
"हलू नका फादर, देव जड हाय."

रजिस्टर भिजलंच.

पाणी उतरल्यावर गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली
पान पान सुटं करून मांडलं,
प्रत्येकावर नदीतला एक गोटा.
पहिल्या पानावर अकरा नावं होती म्हणे,
पाणवठ्यावरनं हुसकलेली अकरा माणसं.
त्यांना ही जमीन मिळाली
कारण पंचगंगा ती दरसाल परत मागायची,
दुसऱ्या कुणाला नको होती.
आता त्या जागी नुसतं निळं.

मग सेसिल सुईणीला खुर्चीसकट उचलून आणली.
तिला वाचता येत नाही.
ती गोट्यांकडं बघत सांगत गेली:
"हा संतान. पायाळू.
ही मोनिका, हिच्या दिवशी कवठेकराची म्हैस वाहून गेली.
हा इनास, पाणी उंबऱ्याला लागलेलं,
कंदील तोंडात धरून नाळ कापली."
फादर बॉलपेननं लिहीत होते.
तारखेच्या रकान्यात लिहिलं: पाणी उंबऱ्याला.

पुनर्वसनाचे साहेब आले, चाळून म्हणाले,
"हा पुरावा धरता येत नाही."
लाझरसनं त्यांना भिंत दाखवली.
त्यांनी मोबाईलवर फोटो काढला, चहा नको म्हणाले.

सातव्या पानावर म्हातारी अडली.
गोटा उचलला, परत ठेवला.
"ह्याचं राहू दे," म्हणाली.
फादरनी ओळ मोकळी सोडली.

ते पान आमच्या घराण्याचं.
माझ्या बापाच्या आधी कुणी होतं
हे घरात कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी पानं गोळा करताना
मी तो गोटा खिशात घातला.
अजून आहे.
ओला केला की निळा दिसतो.