जिभेपुरती वीज

तार नुसती ओढून भागत नाही, हालवर म्हणाला,
हरणाचा केस आतून पोकळ असतो,
पाठीवर त्याला वीज कळतच नाही.
जीभ पाहिजे. नाही तर नाक.
ओलं काहीतरी.

तो बारा फुटांवर उभा होता,
हात मागे बांधून,
उशिरा आलेला माणूस चर्चच्या दाराशी उभा राहतो तसा.
मार्चपासून त्याच्या छातीत यंत्र आहे.
कुंपणाला शिवायचं नाही, डॉक्टरने सांगितलंय.
आणि विस्कॉन्सिनच्या ह्या दरीतली निम्मी कुंपणं
त्यानेच जिवंत केलेली.
गवताची हिरवी पात तारेवर टेकवायची
आणि बोटात ठोका बघायचा.
मीटर कशाला, म्हणायचा.

मग मीच केलं.
स्वयंपाकघरातली फॉइल वीत वीत कापली,
तारेवर दुमडली,
आत चमच्याने पीनट बटर फासलं.
ऑगस्टच्या उन्हात ते पातळ होऊन मनगटावर ओघळलं,
मी चाटलं.
हालवर हसला: बटण बंद आहे म्हणून.

तीन एकर सोयाबीन. गेल्या वर्षी
शेंडे असे खुडलेले की वाटावं
कुणीतरी रात्रभर कात्री घेऊन बसलं होतं.
विम्याचा माणूस आला, बांधावरून चालला,
चिखलातले खूर मोजले,
आणि बूट पुसता पुसता म्हणाला, सुंदर प्राणी आहे.
हो, म्हटलं. मग जेवायला तुमच्याकडे पाठवते.

पाऊस नव्हता. जमीन सुकली
तर वीज परत घरी येत नाही,
म्हणून गाडलेल्या सळयांच्या बुडाशी
रोज संध्याकाळी एक बादली.
नवरा असता तर म्हणाला असता,
सळीला पाणी घालतेस, उगवणार काय?

पहिल्या रात्री दिवा मालवून
जिन्यातल्या खिडकीशी बसले.
डबा टिकटिकत होता, सेकंदाला एक.
ती आली. मागे पिल्लू,
अंगावरचे ठिपके अजून पुसले न गेलेलं.
मान लांब केली. वास घेतला.
मला वाटलं, ओरडावं.
आपणच गोड लावायचं आणि आपणच...
पण शेंगा भरत होत्या.
मी गप्प बसले.

आवाज असा काही झाला नाही.
ती होती तिथून सरळ वर उडाली,
शेपटीची पांढरी बाजू उलटली,
आणि ओकच्या रानात
एक मोठा, एक लहान,
दोन पांढरे डाग विझत गेले.
पिल्लाला काहीच लागलं नव्हतं. तेही पळालं.
त्याला तिने काय सांगितलं असेल?

दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो.
ही शेंगदाण्याने पोळली.
सप्टेंबरभर तारेपर्यंत यायची,
फॉइल वाऱ्यावर चमकली की कान टवकारायची,
आणि बाहेरचं राठ गवत खाऊन जायची.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं.
धरलं होतं त्याहून कमी, पण निघालं.
बर्फ पडायच्या आत
मी बॅटरी काढून गोठ्यात नेऊन ठेवली.

हालवर काठी टेकत आला.
बंद आहे ना?
बंद आहे.
नक्की?
बॅटरी गोठ्यात आहे, हालवर.

त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला
आणि तार धरली.
बोटाने नाही, मुठीत.
किती वेळ, मी मोजलं नाही.
काय लागतंय? विचारलं.
काही नाही, म्हणाला.
सोडली नाही.

पलीकडे ओकच्या कडेला ती दोघं उभी होती,
पिल्लाचे ठिपके गेलेले.
आमच्या पायांशी खुंटांमध्ये
सांडलेले दाणे पुष्कळ होते, वेचून संपले नसते.
मी हळूच म्हटलं, ये.
कान तेवढे हलले.