तिघांचे खडे

आईकडून आम्हा तिघांना
दागिना असा काही आला नाही.
पित्ताशयातले खडे तेवढे आले,
वाटणीचा कागद न करता.

हेमलताक्का लेस्टरला. तिला पैसा पडणार नाही.
फक्त पत्र आलंय : एकतीस आठवडे.
फ्रिजवर चुंबकानं लावलंय तिनं ते,
दूध काढताना रोज बघते.
मध्यरात्री कळ आली की मला फोन करते,
इकडं माझं चुलीवर पाणी चढलेलं असतं.

रणधीर ह्यूस्टनला. त्याला आठ दिवसांत तारीख.
पण विम्याच्या आधी एक रक्कम असते, ती आपली आपण,
मग टक्के, मग कुठलं तरी वेगळं बिल टपालानं येतं म्हणे,
टाके वाळल्यावर.
त्यानं आकडा सांगितला. मी रुपयांत केला,
शून्य चुकलं असेल म्हणून पुसून परत केला.
चुकलं नव्हतं.

आणि मी सीपीआरच्या केसपेपरच्या रांगेत,
सकाळी सातला, पुढं एकसष्ट माणसं.
मागं गगनबावड्याहून पहिल्या एसटीनं आलेली बाई,
पिशवीत भाकरी आणि नवऱ्याचा एक्स-रे,
एक्स-रेला भाकरीची ऊब.

इथून रिक्षानं दहा मिनिटांवर दुसरा देश आहे.
राजारामपुरीत. गार हवा, काचेच्या पेटीत मासे,
'उद्या सकाळी करून टाकूया की ताई,'
आणि कागदाच्या मागं पेन्सिलीनं बासष्ट हजार.
पेन्सिलीनं का, विचारलं. नुसता हसला.

रविवारी फोनवर तिघं भांडलो.
रणधीर म्हणाला, बासष्ट हजारात? तुमची चैन आहे.
आक्का म्हणाली, मला निदान कुणी पैसे तर मागत नाही.
मी गुजरीत चांदी तोलायला बसते, पगार चौदा हजार.
म्हटलं, न खाता धरले तर साडेचार महिने,
खाऊन धरले तर दोन वर्षं.
आक्का गप्प झाली.
रांग मलाही आहे गं, तुझी पत्रावर लिहिलेली,
माझी पगारात. रणध्याची ऑपरेशननंतर सुरू होईल, हप्त्यांनी.
तो म्हणाला, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

योजनेत बसते मी, फुकट होईल.
पण रेशनकार्डावर कालिंदी, आधारावर कालिंदि.
एका वेलांटीपायी तीन चकरा झाल्या,
आजची चौथी. हिरव्या पदार्थाची एक उलटीही झाली मधे,
ती कुठल्या रकान्यात लिहायची विचारलं नाही.

खिडकी उघडली. एकसष्टचे साठ झाले.
मागची बाई म्हणाली, 'तुमचं काय दुखतंय?'
'खडे.'
'काढल्यावर घरी देत्यात का वो?'
देत असतील, म्हटलं.
दिले तर काट्यावर ठेवून बघणार आहे,
दुपारी, गिऱ्हाईक नसताना.