तवंग

सोमवारी दुकानाचं शटर खाली.
सत्तूर मात्र घरी येतो, फडक्यात गुंडाळून.
सकाळी दहाच्या सुमारास हे मोरीजवळ ठोकळा मांडतात
आणि मी उकळून पिळून ठेवलेल्या सोयावड्या
खिम्यासारख्या तोडत बसतात. खट् खट् खट्.
खरं तर सत्तूर लागत नाही,
वड्या नुसत्या बोटांनीही चुरतात.
पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायला हवा.

गेल्या आखाडापासून यांनी मटण सोडलंय.
काय झालं, विचारलं मी.
म्हणाले, "दात दुखूलाल्यात."
त्याच दातांनी त्या संध्याकाळी
कांडंभर ऊस सोलून खाल्ला.
मी पुन्हा विचारलं नाही.

उदगीरला आमचं गिऱ्हाईक सासऱ्यांच्या वेळेपासूनचं.
जो स्वतः खातो त्याच्याकडूनच घ्यावं, असं मानणारे लोक.
खाटीक खाईना म्हटल्यावर
मालात काय असंल, अशी कुजबुज
एका आठवड्यात देगलूर नाक्यापर्यंत पोचली असती.
म्हणून ही तर्री.

कांदा सालीसकट जाळावर, काळा होईस्तोवर.
खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरायची,
तिचंच तेल तिला पेटवतं,
निळी जीभ दिसली की फुंकर.
मिरच्या दोन जातीच्या,
रंगाची वेगळी, रागाची वेगळी.
येसर माझ्या भावजयीचा, देवणीहून,
बिस्किटाच्या जुन्या डब्यात.
आणि दगडफूल. सगळी लबाडी त्याची.
बघावं तर वाळकी पापडी,
तेलात पडलं की बोलायला लागतं.

सोयाबीन तर आमच्या शिवारातलंच.
पोत्यांनी जातं, कारखान्यातून वडी होऊन
छापील पिशवीतून परत येतं,
पिशवीवर हसरी बाई.
आधी मला राग यायचा तिचा.

करडईचं तेल सांडशील तेवढं सांड, हे म्हणतात,
तवंग दिसला पाहिजे.
तवंगाखाली काय आहे
ते कोण बघतं?

परवा कोंडाबाई दारातच थबकली.
"काय शिजवूलालाव? खिमा?"
"खिमाच."
वाटी घेऊनच आली होती.
तासाभराने रिकामी वाटी परत,
तिच्यात चार पेरू, आणि निरोप:
खावं तर खाटकाच्याच घरचं,
बाहेर आता कुठं राहिलीय अशी चव.
हे ऐकून हसले. इतके हसले की ठसका लागला,
पाठ चोळावी लागली,
आणि चोळता चोळता कळलं
की हसणं मघाशीच थांबलंय.

रात्री कण्या केल्या होत्या, ज्वारीच्या.
मधोमध खळगं करून त्यात तर्री ओतली.
तेल कडेकडेने पसरत गेलं,
पांढऱ्यावर लाल.
दोन घास झाल्यावर म्हणाले,
"आखाडात एक बकरू होतं. काळं, एक कान फाटका.
दोरी सोडताना माझं बोट चोखलं त्यानं.
भुकंलं होतं वाटतं."
एवढंच. मग म्हणाले, मीठ कमी आहे.
मीठ बरोबर होतं.
मी मिठाची वाटी पुढे सरकवली.
त्यांनी चिमूट घेतली, ताटाच्या कडेला ठेवली,
लावून घेतलं नाही.

उद्या मंगळवार, पाचला उठायचं.
तीन बोकडं आलीत, मागच्या पत्र्याखाली बांधलीत,
त्यांना पाणी हे स्वतःच दाखवून आले,
घमेलं लांबून ढकलून, काठीने.

मी सत्तूर घासायला बसले.
राख लावली, नारळाची शेंडी लावली.
वडीचा चोथा पात्याच्या मुठीशी अडकून राहतो,
निघता निघत नाही.
मटणाचं कसं, एका पाण्यात जायचं.