दोन करार, दाभोळ

दोन लखोटे आलेत, दोन्ही जाड.
अम्मीने त्यांवर सुक्या बोंबलांची परडी ठेवलीय,
खाडीच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

पहिल्यात माणसं.
एकशे ऐंशी खुर्च्या, दिवसाला चार फेऱ्या,
महिन्याला सत्तर तासांची हमी,
आणि कलम अकरा:
उतरताना दारात उभं राहून निरोप देणं अपेक्षित.

दुसऱ्यात माल.
वीस रात्री बाहेर, दहा दिवस घरी.
पगार सव्वापट, विमान माझ्याहून चार वर्षांनी थोरलं,
सिनियॉरिटी शून्यापासून.
जेवण आपलं आपण गरम करायचं.

माल तक्रार करत नाही, तोडणकर फोनवर सांगतो.
कोणी पंखाचा फोटो काढत नाही, उशीर झाला तर शिव्या नाहीत.
एकदा चाळीस हजार पिल्लं नेली, एका दिवसाची,
रात्रभर मागे चिवचिव;
इंजिनापुढे ऐकू येत नाही गं, पण कळतं.

आणि धूर निघाला तर सोपं, म्हणाला,
मागची हवा सोडून द्यायची,
पंचवीस हजारांवर राहायचं,
आग आपसूक गुदमरते.
माणसं असली की हे करता येत नाही.

त्याने हे फायद्यासारखं सांगितलं.
मी पुस्तिकेत तपासलं. खरं आहे.

आमचं आडनाव सारंग.
पणजोबांच्या गलबतात खाली कौलं असायची, वर हाजी,
आणि वादळात आधी काय फेकायचं
हे कुठे लिहिलेलं नव्हतं,
सगळ्यांना ठाऊक होतं.

"माणसांचं की सामानाचं?" अम्मी विचारते,
कोलंबी सोलता सोलता, वर न बघता.
मी म्हणते, बघते अजून.
ती म्हणते, "युनूस कशातून आला होता?"

युनूसमामा कुवेतहून आला तो प्रवासी विमानातून.
खाली, पोटात.
वर दोनशे जणांना कोंबडी की भाजी विचारत होते.
कागदावर होतं: नग एक, वजन एकशे अठरा, पेटीसकट.
तो कागद अजून रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.
मामाच्या कप्तानानेही दारात उभं राहून
एकेकाला निरोप दिला असेल.

मीही नेलेत.
उड्डाणाआधी चिठ्ठी येते, सही करायची असते.
सात. मोजलेत.
त्या दिवशी चाकं जरा जपून टेकवते,
त्याने कोणाला काय फरक पडतो, माहीत नाही.
कराराच्या एकवीस पानांत
हे कुठल्या कलमात बसतं, तेही नाही.

नोटरी गुहागरला बसतो.
दुपारच्या फेरीने धोपाव्याला निघाले,
लखोटे पिशवीत, आणि खालासाठी हापूसची पेटी.
फेरीवर दरांची पाटी, समुद्राने खाल्लेली:
माणूस, सायकल, बकरी, म्हैस, टेम्पो,
एकाखाली एक, एकाच निळ्या रंगात.
शाळेच्या पोरी बर्फाच्या खोक्यांवर बसलेल्या,
एक बोकड कोणाच्या तरी मोटारसायकलला बांधलेला,
आणि भोंगा सगळ्यांसाठी एकदाच.

तिकीटवाला पोरगा आला. "माणूस किती?"
"एक."
त्याने पेटीकडे पाहिलं.
"खाली ठेवलीत तर दहा रुपये.
मांडीवर घेतलीत तर काय नाय."

मी मांडीवर घेतली.
लखोटे तिच्यावर, लखोट्यांवर दोन्ही हात.
फटींतून पेंढा टोचत होता, वास कोवळा, अजून आंबट.
बारा किलो असेल.
खाडीच्या मध्यावर येईतो पाय बधिर झाला,
आणि धोपाव्याचा धक्का
अजून तेवढाच लांब.