शेक

पारोळ्यात माझा दवाखाना पतपेढीच्या वर, एकोणीस पायऱ्या.
उत्तम बडगुजर त्या चढून आले वैशाखात,
खालची डावी दाढ हलत होती.
मोटारी रिवायंडिंग करणारा माणूस,
तांब्याची तार दातानं सोलायची जन्माची सवय.
मी बीपी विचारलं, साखर विचारली,
दाढ काढली. चार मिनिटं.
रक्त फार आलं नाही,
तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात खड्डा तसाच.
आत पिवळट, कोरडं काहीतरी;
सळई टेकवली तर टक् वाजलं.
तोंड दोन बोटं उघडत होतं,
तीही माझी, त्यांची नव्हेत.
मग कॉलर खाली घेतली.
मानेवर एका चौकोनात कातडं गुळगुळीत,
तिथे दाढी उगवणं सोडून गेलेली.
‘सात वर्सं झाली. नाशिकला. पस्तीस शेक.
तुम्ही इचारं नही, मी सांगं नही.’

जळगावचा एक्स-रे खिडकीकडे धरला:
सोंडे लागलेल्या दादरासारखा जबडा.
तुकडा तपासायला पाठवला,
गाठ परतली की काय म्हणून.
बारा दिवस दोघंही एकमेकांना फोन करत नव्हतो.
अहवालात गाठ नव्हती. मेलेलं हाड, एवढंच.

मी समजावू लागले, बारीक रक्तवाहिन्या, किरण,
तर तेच मला समजावू लागले:
मोटार गरम झाली की वार्निश करपतं, बाई.
वरून तार चकचकीत. वर्षानुवर्षं फिरते.
मग कुणीतरी एक टाका उसवतो
आणि ती बसते.
‘कुणीतरी’ म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

सहा महिने दोन गोळ्या, गुळण्या,
बिनतिखटाचं भरीत, भाकरी दुधात कुस्करून.
एक कपची आपोआप सुटली,
ती त्यांनी काडेपेटीत ठेवून मला दाखवायला आणली.
मला वाटलं, आता भरेल.
पोळ्याच्या दिवशी जांभई देताना जबडा मोडला.

नाशिकला अकरा तास लागले.
पिंढरीतलं हाड काढून, कोनात कापून,
रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडून
तोंडात बसवलं.
दिवाळीनंतर आले, काठी टेकत, सगळ्या पायऱ्या.
ओठाच्या कडेनं लाळ पुसत म्हणाले,
‘आते मी नही, मना पाय बोलस.’
मी हसले नाही. मग हसले.

केसपेपरच्या तळाशी मी आता हातानं एक ओळ लिहिते.
छापून घेतलेली नाही अजून;
हातानं लिहावी लागते तेच ठीक आहे.
मान, गळा, तोंड. कधी शेक घेतला होता?

काल बहादरपूरच्या सुपडाबाई म्हणाल्या, घेतला ना,
तीन बाळंतपणांत, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी,
चाळीस दिवस. आईनं दिला.
त्यांचा चेहरा उजळला होता.
मी लिहिलं: नाही.
पकड खाली ठेवली
आणि पुन्हा विचारलं.