वंगण

चौतीस वर्षं सांगली डेपोत
माझ्या नखांखाली काळं ऑइल होतं.
लग्नाच्या फोटोतही दिसतं ते,
हार धरलेल्या बोटांत.
अनसूया म्हणायची, ताट वाढलंय, हात धुवा.
मी धुवायचो. राख, वाळू, लिंबाची साल.
वरचं निघायचं.

तिचे तळहात पिवळे.
बावीस वर्षं हळदीच्या अडतीवर
उकिडवी बसून हळकुंडं निवडली तिनं,
गड्डा वेगळा, बोटं वेगळी.
रात्री दिव्याखाली आम्ही भाकरी मोडायचो
तेव्हा चार हात दिसायचे, दोन रंगांचे.

आता पहाटे साडेपाचला
हरिपुरात, घरामागं,
मी धुतलेलं धोतर पारिजातकाखाली पसरतो
आणि बाजूला उभा राहतो.
तोडायचं नाही, हलवायचं नाही,
पडेल तेवढंच आपलं,
हा नियम तिचा.

झाड पुरानंतरचं आहे.
नदी आठ दिवस आमच्याकडं राहिली,
जाताना वीतभर गाळ टाकून गेली.
सगळ्या गल्लीनं तो ट्रॅक्टरनं उचलून दिला.
हिनं चार घमेली मागं ठेवून घेतली,
म्हणाली, एवढे दिवस राहिली बाई,
भाडं नको घ्यायला?

पहिली बरणी फसली माझी.
दव असलेली फुलंच टाकली तेलात,
झाकण घट्ट आवळलं, हाताच्या सवयीनं.
पाचव्या दिवशी वर पांढरी लव,
खाली तेल गढूळ, आंबूस.
मी बघत राहिलो.
इंजिन ऑइलमध्ये पाणी शिरलं की त्याचं ताक होतं,
हे मी किती शिकाऊ पोरांना
कानाला धरून सांगितलं होतं!
पण फुलाच्या पोटातही पाणी असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

दुसऱ्या खेपेला सावलीत, बाजेवर,
दोन दिवस वाळवली.
पाकळ्या तपकिरी झाल्या, चुरगळल्या, वास गेला.
देठ तेवढे केशरी राहिले, हट्टानं.
गुलाब तांबोळीच्या लाकडी घाण्याचं तीळतेल,
पातेल्यात पाणी, पाण्यात पातेलं,
गॅस इतका बारीक की वाकून बघावा लागतो.
तीन तास.
बसायला कुणी नसलं की मीच बसतो.
थेंब अंगठ्यावर घेतो, तर्जनी टेकवतो, सोडतो,
तार किती येते बघतो.
हे एक मात्र मला शिकावं लागलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाले, गादी संपलीय, गुडघा बदलू,
दिवाळीनंतरची तारीख देतो.
तेलाचं विचारलं तर हसले नाहीत, चांगला माणूस,
म्हणाले, लावा की. लावणाऱ्याला बरं वाटतं.

जुन्या गाडीत खडखड कुठून येते कळेना
की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं
आणि मूठ कानाला.
काल रात्री तेल चोळता चोळता
मी नुसताच कान टेकवला तिच्या वाटीवर.
पाय दुमड, म्हणालो. सरळ कर. परत.
आत बारीक रेती सरकत होती,
नदी गेल्यावर फरशीवर
झाडू फिरवताना यायचा तसा आवाज.

काय म्हणतंय, तिनं विचारलं.
म्हणालो, चालेल अजून.
आमच्यात हे खोटं धरत नाहीत.
डेपोतनं कितीतरी गाड्या
मी एवढंच म्हणून आटपाडीला सोडल्यात,
आणि रात्री पोचल्याचा फोन येईपर्यंत
जेवलो नाही.

बाटलीवर चिकटपट्टी लावली,
तिच्यावर तारीख, तेलाचं वजन,
आणि जुन्या सवयीनं, खाली: तपासले.
सही केली.

तिनं माझा हात ओढून नाकाशी नेला,
एकेक नख हुंगलं सावकाश,
हळकुंड पारखावं तसं.
डिझेल, म्हणाली.
आणि हात सोडला नाही.